कागदातून येणारा उजेड

पारंपरिक आकाशकंदिलाला चोवीस काड्या लागतात आणि त्या सगळ्या एकाच मापाच्या असाव्या लागतात. नऊ इंचांची एक काडी मापाला धरायची आणि बाकीच्या तेवीस तिच्याशी जुळवून कापायच्या. चार-चार काड्यांचे चार चौकोन बांधायचे, ते शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे करायचे आणि बाजूची टोकं एकमेकांना बांधून त्यांचं कडं करायचं. वर चार टोकं मोकळी राहतात, खाली चार. वरची चार काड्यांनी जोडली की वरचा चौकोन तयार, खालची जोडली की खालचा. सहा चौकोन, आठ त्रिकोण. कोनमापक लागत नाही, गणित लागत नाही. माप चुकलेली एकच काडी मात्र सगळा कंदील वाकडा करते.

काड्या मी पुण्याच्या बुरूड आळीतून आणते. घरी बांबू चिरता येतो, पण तो सरळ चिरणं हा वेगळाच हात आहे. तिथल्या एका मावशींनी मला काडी निवडायला शिकवलं. "ताई, हिरवी पाठ ठेवायची, आतलं पांढरं सोलून टाकायचं. पांढऱ्यात जीव नसतो." बांबूचे घट्ट तंतू सालीच्या बाजूला असतात. आतला भाग भुसभुशीत असतो, कीडही आधी तिथेच लागते. त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती पेराची. गाठ पेरावर बसते आहे असं दिसलं, तर ती काडी बाजूला ठेवायची, कारण तिथे दोरा घसरतो आणि काडी फाटते. मी आता काड्या विकत घेताना एकेक वाकवून बघते. दुकानदाराला वेळ लागतो, पण कुणी कधी नाही म्हटलेलं नाही.

सांगाडा बांधून झाला आणि हातात उचलला की तो मुरगळतो. वरचा भाग एका अंगाला फिरतो आणि सगळं हळूहळू खाली बसू लागतं. नव्यानं करणाऱ्याला वाटतं, गाठी सैल राहिल्या. तसं नसतं. तीन काड्यांचा त्रिकोण आपोआप ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी तिरका होतो, आणि या कंदिलात चौकोन सहा आहेत. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक तिरकी काडी घालायची. ती तेवढी वेगळ्या मापाची, पावणेतेरा इंचांची. वरच्या काडीला पुढे दिव्याचा होल्डरही बांधता येतो. उरले बाजूचे चार चौकोन. त्यांना ताठ ठेवण्याचं काम कागद करतो. इतका पातळ कागद बांबूला सावरतो, हे दर वर्षी पाहूनही मला नवल वाटतं.

खळ घरीच करावी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या आणि मग मंद आचेवर तो पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेवायचं आणि मुलांचे हात त्यात जाऊ द्यायचे नाहीत. बाजारातल्या डिंकापेक्षा खळ मला बरी वाटते, कारण ती लगेच पकडत नाही. ताव सरकवून, सुरकुती काढून, पुन्हा बसवायला उसंत मिळते. कागद काडीपेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा, कड काडीवरून आत दुमडायची आणि सावलीत सुकू द्यायचं. खळीच्या ओलाव्यानं आधी कागद सैल पडतो, पोट निघाल्यासारखा दिसतो. त्याला अजिबात हात लावू नये. सुकता सुकता तो आकसतो आणि तासाभरात टिचकी मारली की वाजतो. मग कंदील उचलून बघावा, तो आता मुरगळत नाही.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. चौकोन फिके असावेत, त्रिकोण गडद. पतंगाच्या कागदातला पिवळा, केशरी, पांढरा उजेड बाहेर सोडतो. गर्द निळा आणि हिरवा तो बराचसा पिऊन टाकतो, म्हणून ते कमी जागेत शोभतात. चौकोनांना कागद दुहेरी लावला तर बल्बचा झगझगीत ठिपका दिसत नाही, सगळा चौकोन सारखा उजळतो.

आणि इथेच बहुतेक कंदील बिघडतात. कागद सुंदर निवडलेला असतो आणि आत पांढराशुभ्र एलईडी लावलेला असतो. जुन्या तारेच्या बल्बच्या उजेडात तांबडा-नारिंगी भाग भरपूर असायचा. एलईडीत मुळात निळा प्रकाश तयार होतो आणि वरच्या पिवळ्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. ६५०० केल्विनच्या दिव्यात निळा फार, तांबडा थोडा. लाल कागद फक्त तांबडा उजेड बाहेर सोडतो, तो आतच कमी असेल तर कागद मळकट गुलाबी दिसणार. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेला, दुधी काचेचा, तीन ते पाच वॅटचा दिवा घ्यावा. पावसाळ्यानंतरचे किडेही पिवळसर दिव्यावर कमी येतात. होल्डर अशा बेतानं सोडायचा की बल्ब बरोबर मध्यावर येईल. कंदिलाचं ओझं वायरवर टाकायचं नाही, त्याला स्वतंत्र दोरी हवी.

आता माझी खरी तळमळ. भाऊबीज झाली की आठवड्याभरात इमारतींवरचे कंदील उतरतात. वर्षातला सगळ्यात लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला असतो, हे आपण शाळेत शिकतो. पण पुण्या-मुंबईकडे सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या आसपास. म्हणजे संध्याकाळ सगळ्यात लवकर अंधारते तेव्हाच आपण दिवा काढून ठेवतो. कार्तिकात आकाशदिवा टांगायची जुनी रीत महिनाभराची होती. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा पेटतात, कोकणात मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी देवदिवाळी होते. वसईत आणि गोव्यात तोवर नाताळचे तारे चढायला लागतात. तेही याच बांबूचे: दहा काड्यांचे दोन पाचकोनी तारे टोकांना एकत्र बांधायचे आणि मधे आखूड काड्यांचे टेकू देऊन ते फुगवायचे. कारागिरी एकच, फक्त दिवस पुढचे. कंदील संक्रांतीपर्यंत ठेवायला काहीच हरकत नाही. दिवसभर कामावरून दमून येणाऱ्याला लांबून आपली गॅलरी उजळलेली दिसते, ती काय फक्त चारच दिवस दिसावी?

थंडीत कंदिलाची थोडी निगा लागते. पहाटेच्या दवानं कागद सैलावतो, ऊन चढलं की पुन्हा ताणला जातो. त्यामुळे सकाळी तो लोंबलेला दिसला तरी काढायची घाई करू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, म्हणून त्या बाजूचा कागद आधी विटतो. मार्गशीर्षात तेवढाच चौकोन ओल्या फडक्यानं भिजवून सोलायचा आणि नवा ताव लावायचा. मूळ रंग मिळाला नाही तर दुसरा चालतो. माझ्या कंदिलाच्या बाजूचा एक चौकोन बहुतेक वर्षी बाकीच्या तिघांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो.