कर्ता आणि करविता : यंत्रलेखनाच्या युगातील लेखकपद

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा करताना साहित्याचे अभ्यासक बहुधा ‘यंत्राला प्रतिभा असू शकते काय?’ असा प्रश्न उपस्थित करतात. लेखनावर उपजीविका करणाऱ्यांपुढे मात्र त्याआधीच एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला आहे. यंत्राने सिद्ध केलेल्या मजकुराचा लेखक कोणाला म्हणावयाचे? या प्रश्नाच्या उत्तरावर लेखकाचा मोबदला कसा अवलंबून असतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांच्या ‘रायटर्स गिल्ड’ या संघटनेने २ मे २०२३ रोजी पुकारलेला संप १४८ दिवस चालला. त्यातील अनेक मागण्यांपैकी एक यंत्रलेखनाविषयी होती. तिचे मर्म कळण्यासाठी त्या व्यवसायाची रीत ध्यानात घ्यावयास हवी. तेथे मूळ पटकथेपेक्षा पुनर्लेखनाचा किमान मोबदला कमी असतो; पुनर्वापराचे मानधनही श्रेयनामावलीशी निगडित असते. निर्मात्याने पहिला खर्डा यंत्राकडून करवून घेतला व लेखकाच्या हाती ‘सुधारण्यासाठी’ दिला, तर लेखकाचे काम जात नाही. त्याचे पद उतरते. श्रम पूर्वीइतकेच राहूनही दाम घटतो.

संपाअंती झालेल्या करारात यावरील तोड व्याख्येतूनच काढण्यात आली. यंत्रनिर्मित मजकूर ‘साहित्यिक सामग्री’ वा ‘आधारसामग्री’ मानला जाणार नाही, असा मजकूर लेखकास देताना तसे सांगावे लागेल आणि यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरले. कंपनीच्या संमतीने यंत्र वापरण्याची मुभा लेखकास राहिली.

भारतीय कायद्याची भूमिका निराळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित कृतीची निर्मिती जी व्यक्ती घडवून आणते ती तिची कर्ती होय. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, येथे कर्तेपण प्रयोजक कर्त्याकडे, म्हणजे करवित्याकडे जाते. हा करविता आज्ञा देणारा लेखक की काम सोपविणारा प्रकाशक, हे मात्र त्या शब्दांवरून निश्चित होत नाही.

मराठीत या प्रश्नाची झळ प्रथम भाषांतरकारास पोचणे स्वाभाविक आहे. यंत्राचे भाषांतर माणसाकडून सुधारून घेण्याची पद्धत या व्यवसायात रूढ झाली आहे आणि अशा कामाचा दर सामान्यतः स्वतंत्र भाषांतराहून कमी असतो. वाक्यरचना पुन्हा बांधावी लागली तरी ते काम ‘तपासणी’ याच नावाने नोंदले जाते. किमान दराचा सामूहिक करार पाठीशी नसल्यास त्या नावाला आव्हान देणे एकट्या भाषांतरकारास कठीण असते.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना आपल्या अध्यापनात रुळली आहे. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूशी बांधलेला नाही, हा तिचा आशय वाचनव्यवहारापुरता ग्राह्य आहे. श्रमव्यवहारात मात्र लेखक हा वेतनाचा व श्रेयाचा धनी असतो. लेखकपदाचा विचार करताना ही दुसरी बाजूही साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेत आली पाहिजे.