एका पंखाचं भुईचक्र

दिवाळीतलं भुईचक्र फिरता फिरता हवेत चढलं तर? मोनोकॉप्टर म्हणजे जवळपास तेच. बाल्सा लाकडाचा एकच पंख आणि दुसऱ्या टोकाला, पंखाशी काटकोनात, बोटाएवढी रॉकेट मोटार. खरी कसोटी तोलाची: सगळा सांगाडा बोटावर जिथे स्थिर राहतो, तिथेच उडवायच्या दांडीसाठी भोक पाडायचं. छोटी मोटार जेमतेम दोनेक सेकंद जळते. तेवढ्यात पंख गरगरत वर जातो आणि महोगनीच्या बीसारखा भिरभिरत उतरतो. पॅराशूट लागतच नाही. फ्रान्समध्ये १९१५ साली माणूस बसेल एवढा मोनोकॉप्टर तळ्यावर फिरवून पाहिला होता. फसला. कोल्हापुरात उडवायचा तर उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब, आणि उसाच्या फडात तर नकोच! वाळलेलं पाचट एका ठिणगीत पेट घेतं.