दबोरा म्हणजे मधमाशी!

परवा अकोल्यात मैत्रिणीच्या नातीचं नाव ठेवलं, दबोरा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "हे कोनतं नाव व माय?" म्हटलं, हिब्रूत मधमाशी. "मंग चावते काय व हे?"

बायबलमधल्या बायकांची बरीच नावं आपल्या मैना-तुळसासारखीच आहेत. राहेल म्हणजे मेंढी. तामार खजुराचं झाड. सिप्पोरा पाखरू, याएल डोंगरातली रानबकरी. मार्था मात्र हिब्रू नाही, अरामी: घरधनीण.

माझी आवडती नामी. अर्थ गोड, मनोहर. परमुलखात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमला परतल्यावर ती बायांना सांगते, मला नामी नका म्हणू, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मराठीत वाचताना 'मारा' भलतंच वाटतं आणि खरी गंमत निसटते.

अशा जागी मूळ भाषा लागते. पंडिता रमाबाई त्यासाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि केडगावात राहून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं.

अमरावती-अकोल्याकडे तुमच्या घरात कोणी हन्ना, सारा, एस्तेर आहे का? नाव कमेंटमध्ये टाका, अर्थ सांगते.