बिनकामाचं तण, पोहणारं शेवाळ

अ‍ॅरॅबिडॉप्सिस थॅलियाना हे मोहरीच्या कुळातलं तण. वीतभर उंची, चार पाकळ्यांची इवली पांढरी फुलं. शेतकऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. प्रयोगशाळेत मात्र त्याला गव्हा-तांदळाहून अधिक मान, कारण पेरल्यापासून नवं बी हाती यायला दीडएक महिना पुरतो. २००० साली वनस्पतींमध्ये सर्वप्रथम संपूर्ण जीनोम वाचला गेला, तो ह्याचाच.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शेवाळ. एका मिलिमीटरवर शंभरएक पेशी ओळीनं बसतील. प्रयोगशाळांमधले त्याचे प्रमुख वाण १९४५ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका बटाट्याच्या शेतातून आले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची गंमत कळते. पेल्याच्या आकाराचं हरितलवक, कडेला उजेड ओळखणारा नारिंगी ठिपका आणि टोकाशी दोन कशाभिका. पोहणारा माणूस हातांनी पाणी मागे सारतो, तशा त्या चालतात.

दोघांच्या जीनोमची लांबी जवळपास सारखीच: ११ ते १३ कोटी अक्षरं. पण शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वाटा फुटल्या, तेव्हा वाटणी चमत्कारिक झाली. शेवाळानं कशाभिका सांभाळल्या. ह्या तणाच्या वंशातून त्या पार गेल्या. त्याच्या नरयुग्मकालाही शेपूट नाही, परागनलिका त्याला अंड्यापर्यंत पोचवते. कशाभिका घडवणारी शेवाळाची कितीतरी जनुकं आपल्याकडे आहेत, तणाकडे नाहीत. म्हणूनच २००० साली ह्या शेवाळातलं एक जनुक उंदरांमधल्या मूत्रपिंडाच्या आजाराचा धागा ठरलं: त्याच्या जोडीचं जनुक बिघडलं की मूत्रपिंडात गाठी होतात. एरवी डबक्यातल्या शेवाळाकडे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी कशाला पाहिलं असतं?

प्रकाशसंश्लेषणातही शेवाळ वरचढ आहे. कर्बवायू पकडणारं रुबिस्को हे विकर चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि मेहनत वाया जाते. शेवाळ रुबिस्को पायरीनॉईड नावाच्या गोळ्यात दाटीवाटीनं भरतं आणि कर्बवायू नेमका तिथे पोचवतं. तणाकडे ही सोय नाही.

एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी मग शेवाळाचं ‘ईपीवायसी १’ हे प्रथिन तणात बनेल अशी व्यवस्था केली, जोडीला शेवाळाच्या रुबिस्कोचा एक घटकही दिला. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: तणाच्या हरितलवकात रुबिस्कोचा गोळा जमला होता. झाडाची वाढ मात्र होती तेवढीच राहिली, कारण गोळ्यापर्यंत कर्बवायू आणणारी यंत्रणा अजून बसवायची होती.