पिन, भोक आणि सोल्डर: काही पक्के गैरसमज

पंख्याचा रेग्युलेटर, सोलर दिव्याचा कंट्रोलर, चिकूच्या वाडीतल्या पंपाचा टायमर, झाईच्या होडीवरचा वायरलेस सेट. डहाणू-तलासरीतल्या दुरुस्तीच्या दुकानांत येणाऱ्या या वस्तू उघडल्या की आत हिरवा किंवा तपकिरी बोर्ड दिसतो आणि त्यावर पायांवर उभे असलेले पार्ट. पाय भोकातून खाली उतरवलेला, खालून सोल्डरने धरलेला. वस्तू बंद पडली की आपण म्हणतो, "पार्ट गेला." पुष्कळदा पार्ट धडधाकट असतो. गेलेला असतो तो पाय आणि तांबे यांच्यामधला सांधा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीचा. या सांध्याबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे खुद्द पार्टांबद्दलही नसतील.

"पायांचे पार्ट आता जुने झाले, सगळं चिकटवायचंच असतं"

मोबाइल उघडून पाहिला तर हे खरं वाटतं. त्यात तांदळाच्या कणीपेक्षा लहान पार्ट थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेले असतात. १९८०च्या दशकापासून ही पद्धत झपाट्याने पसरली आणि स्वस्तही पडली. पण बंद पडलेला एखादा एलईडी बल्ब फोडून बघा. एलईडी चपटे चिकटवलेले असतात, कंट्रोलची चिप बहुधा तशीच असते. पण कपॅसिटर आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी पायांवर उभी असते. बोर्डावर जिथे जोर पडतो, जिथे वजन किंवा उष्णता जास्त असते, तिथे भोकातून गेलेला पाय अजून हटलेला नाही. वायर कसायचा टर्मिनल, रिले, ट्रान्सफॉर्मर, चार्जरचा जाड कपॅसिटर ही त्याची ठिकाणं. स्क्रूड्रायव्हरने टर्मिनल पिळताना तो जोर भोकातून आरपार गेलेला पाय आणि बोर्ड मिळून सोसतात. चिकटवलेल्या पार्टला तोच जोर तांब्याच्या पापुद्र्यावर घ्यावा लागतो, आणि तो पापुद्रा साधारण ३५ मायक्रॉन जाड असतो. आपल्या केसापेक्षाही पातळ.

"सोल्डर जास्त, तर सांधा मजबूत"

हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे आणि सगळ्यांत महागही. बोर्डाच्या खालच्या बाजूला मोत्यासारखा गोल, फुगीर गोळा दिसला की नवशिक्याला समाधान वाटतं. जाणता कारागीर तोच गोळा पाहून कपाळाला हात लावतो, कारण त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. सोल्डर पायाला धरलंय की नुसतं भोवती बसलंय, हे कळायला मार्ग नाही.

चांगला सांधा शंकूसारखा दिसतो. पायापासून पॅडकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्याच्या कड्याकडे, आत वळलेली उतरण, कडेला सोल्डर पातळ होत तांब्यात मिसळून गेलेलं, आणि पायाचं टोक वर दिसणारं. ताकद सोल्डरच्या ढिगात नसतेच. सोल्डरमधलं कथील तांब्याला भिडतं तिथे दोन्ही धातूंचा मिळून एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि खरं धरून ठेवतो तो हा थर. तो बनायला तांबं स्वच्छ हवं आणि स्वतः तापलेलं हवं. गरम सोल्डर थंड तांब्यावर टाकलं तर ते अळवावरच्या पाण्यासारखं वर बसून राहतं.

गल्लीत येणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं शिकवायला नको. तो आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून पृष्ठभाग साफ करायचा आणि मग कथलाची कांडी तापलेल्या भांड्यालाच टेकवायचा. कथील वितळायचं ते भांड्याच्या उष्णतेने. बोर्डावरचा क्रम हाच आहे. सोल्डरिंग आयर्नचं टोक पाय आणि पॅड या दोघांना एकाच वेळी टेकवायचं, सेकंद-दीड सेकंद थांबायचं, मग सोल्डर वायर आयर्नला न लावता पलीकडच्या बाजूने पायाला लावायची. सोल्डर आत ओढलं गेलं की आधी वायर काढायची, मग आयर्न. सगळं दोन-तीन सेकंदांत. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तो बोर्डावर पुसायची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यात सोल्डर वायरमधला फ्लक्स, म्हणजे तांबं साफ करणारा पदार्थ, वाटेतच जळून जातो आणि तांब्याची सफाई होतच नाही. ज्याला दुकानात "ड्राय" म्हणतात तो सांधा बऱ्याचदा असा जन्मतो.

आकडे लक्षात ठेवायचे तर थोडेच. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. बाजारात सहज मिळणारं ६०-४०सुद्धा त्याच्या जवळपासच. आयर्नचं टोक मात्र ३२० ते ३५० अंशांच्या आसपास ठेवतात, कारण उष्णता पायातून वर पार्टकडे पळत असते. पाय जाड असेल तर वेळ थोडा जास्त द्या. आयर्न दाबून धरू नका. दाबाने उष्णता वाढत नाही, पॅड मात्र उखडतो.

चमकेबद्दलही एक गोष्ट. चकचकीत सांधा चांगला आणि मंद दिसणारा वाईट, हे शिशाच्या सोल्डरपुरतं बऱ्यापैकी खरं होतं. युरोपने २००६च्या जुलैपासून आणि भारताने ई-कचऱ्याच्या नियमांखाली २०१४च्या मेपासून बहुतेक ग्राहकोपयोगी उपकरणांतलं शिसे ०.१ टक्क्यावर आणलं. कथील-चांदी-तांब्याचं नवं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि चांगला सांधाही मंद, किंचित दाणेदार दिसतो. म्हणून चमक न पाहता उतरण पाहा.

"भोक म्हणजे पाय जायला जागा"

स्वस्त तपकिरी बोर्डात तांबं एकाच बाजूला असतं. तिथे भोक खरोखरच नुसतं भोक असतं. हिरव्या, दोन्ही बाजूंनी तांबं असलेल्या बोर्डात मात्र भोकाच्या आतल्या भिंतीवर तांब्याचा मुलामा असतो. वरचा ट्रॅक आणि खालचा ट्रॅक त्या नळीतून एकमेकांना जोडलेले असतात. बोर्ड साधारण १.६ मिलिमीटर जाड, म्हणजे नळीही तेवढीच लांब. कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निकषाप्रमाणे चांगल्या कामात ही नळी निदान ७५ टक्के सोल्डरने भरलेली लागते. खालून शंकू सुरेख दिसतोय पण सोल्डर वर चढलेलंच नाही, तर काम अर्धवट.

आता दुरुस्तीत काय होतं बघा. नव्या पार्टचा पाय थोडा जाड निघतो, भोकात जात नाही. मग बारीक ड्रिल फिरवून भोक मोठं केलं जातं. पाय आत जातो, सोल्डर होतं, वस्तू चालू होत नाही. "नवा पार्टच खराब" असा निकाल लागतो आणि ग्राहकाचे आणखी पैसे जातात. खरं म्हणजे ड्रिलने आतली तांब्याची नळी खरवडून काढलेली असते आणि वरचा ट्रॅक तुटलेला असतो. उपाय साधा आहे. पायाला वरच्या बाजूनेही सोल्डर करा; तिथे आयर्न पोचत नसेल तर बारीक तारेने वरचा ट्रॅक जोडून घ्या. मुळात भोक पायापेक्षा ०.२ ते ०.३ मिलिमीटर मोठं ठेवायचं हा बोर्ड आखणाऱ्याचा नियम आहे. त्या फटीतूनच सोल्डर वर चढतं. भोक फार मोठं झालं तर ते चढण्याऐवजी गळून जातं.

"पेस्ट भरपूर लावली की पकड येते"

सोल्डरिंगच्या पेस्टचा उद्देश तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढणं एवढाच. इलेक्ट्रॉनिक्सच्या चांगल्या सोल्डर वायरच्या पोटात राळेचा फ्लक्स आधीच भरलेला असतो आणि नव्या पार्टला तो पुरतो. पत्र्याच्या आणि नळाच्या कामासाठी मिळणाऱ्या पेस्टमध्ये बहुधा झिंक क्लोराइडसारखे क्षार असतात. त्यांनी सोल्डर झटकन धरतं हे खरं. पण उरलेली पेस्ट हवेतला ओलावा ओढते आणि हळूहळू पायाला, पॅडला खात जाते. बोर्डी, डहाणू, चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात आणि जून ते सप्टेंबरच्या दमटपणात तर तिला आयतं रान मिळतं. सांध्याभोवती हिरवट बुरशीसारखं दिसतं ते हेच. होडीवरच्या किंवा उघड्यावरच्या उपकरणात असली पेस्ट वापरूच नये. वापरली गेलीच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने बोर्ड नीट धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच वरून संरक्षक लॅकर मारा. न धुता लॅकर मारणं म्हणजे क्षार आत कोंडून ठेवणं.

"त्या धुरात शिसे असतं"

धूर वाईट आहे, पण कारण वेगळं. शिशाला उकळायला १,७०० अंशांच्या वर जावं लागतं. आयर्नच्या ३५० अंशांवर त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. धूर जळणाऱ्या राळेचा असतो आणि तो रोज नाकात गेला तर दमा जडू शकतो. म्हणून खिडकी उघडी हवी आणि लहान पंखा धूर तोंडापासून दूर ओढणारा हवा.

शिसे शरीरात शिरतं ते बोटांवाटे. सोल्डर वायर हाताळलेल्या हाताने तंबाखू मळणं, बिडी ओढणं, डबा खाणं हे धुरापेक्षा जास्त घातक. दिवसभर मास्क लावून बसायचं आणि हात न धुता जेवायचं, याला काळजी म्हणत नाहीत. घरी बसून बोर्ड भरण्याचं काम घेणाऱ्या बायकांनी तर हे काम चुलीपासून, पोरांपासून आणि धान्याच्या डब्यांपासून लांबच करावं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची थोडी मात्राही बाधते.

"भूकंपाच्या हादऱ्यांनी सांधे निखळतात"

२०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्याने भूकंपाच्या धक्क्यांची लांबलेली मालिका सोसली. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं थंडीत घराबाहेर झोपली. त्यानंतर बंद पडलेल्या टीव्हीचं खापर भूकंपावर फुटलं तर नवल नाही. पण जड भिंतीला तडा देणारा धक्का काही ग्रॅमच्या पार्टच्या पायाला फारसं काही करत नाही. वस्तू खाली पडली तर गोष्ट वेगळी.

सांधा मोडतो तो रोजच्या तापण्या-निवण्याने. चालू केलं की ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर ट्रान्झिस्टर तापतात, बंद केलं की निवतात. तांबं, सोल्डर आणि बोर्डाचं फायबर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. हजारो वेळा ताण पडून पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते. मुलामा नसलेल्या एकेरी तपकिरी बोर्डात ती लवकर येते, कारण तिथे सगळा भार खालच्या एका कड्यावर असतो. "टीव्हीवर थाप मारली की चालू होतो" याचं कारण बहुतेक वेळा हीच भेग.

"डहाणूत असला उद्योग येऊच शकत नाही"

केंद्र सरकारने २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. तालुक्यातल्या उद्योगांच्या जमिनीला ५०० एकरांची मर्यादा घातली आणि उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवे असे गट पाडले. त्यावरून सगळ्याच कारखान्यांना बंदी आहे असा समज झाला. इथे दोन कामांची गल्लत होते. कोरा बोर्ड बनवताना तांबं रसायनाने खोडावं लागतं, मुलामा चढवावा लागतो आणि त्याचं सांडपाणी धोक्याचं असतं. ते काम या तालुक्यात नको, हे बरोबरच आहे. तयार बोर्डात पार्ट भरून सोल्डर करणं हे टेबलावरचं काम आहे. त्याला ना भट्टीची चिमणी लागते, ना नाला. प्रदूषण न करणाऱ्या अशा छोट्या कामांना अधिसूचनेने दार बंद केलेलं नाही.

हे काम इंजिनिअरचंच, हा समजही राजस्थानातल्या डुंगरपूर या आदिवासी जिल्ह्यातल्या बायकांनी मोडून काढला आहे. आयआयटी मुंबईच्या मदतीने त्या सौरदिवे जोडायला शिकल्या आणि पुढे त्यांनी सोलर पॅनेलचा स्वतःचा कारखाना उभा केला. इथली माणसं मात्र कारखान्यातल्या कामासाठी उंबरगाव, वापी नाहीतर तारापूर गाठतात.

बंद पडलेली वस्तू भंगारात देण्याआधी एकदा बोर्ड काढून उजेडात तिरका धरा आणि जड पार्टांच्या पायांभोवती काळसर गोल रेघ दिसते का ते भिंगाने पाहा. दिसली तर जुनं सोल्डर तापवून सोल्डर ओढायच्या पंपाने ओढून घ्या, पाय साफ करा आणि नव्याने सोल्डर करा. जुन्यावर नवा थर चढवू नका. आणि वस्तू थेट विजेवर चालणारी असेल तर प्लग काढल्यावरही तिच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. तो उतरवता येत नसेल तर बोर्डाला हात न लावता जाणत्या कारागिराकडे न्या.