झरोके बुजवलेले घर

मे महिन्यातील दुपारी भिलाईत खिडकी उघडी ठेवणारा मनुष्य एकतर नवखा असतो, किंवा त्याच्या घरची वीज गेलेली असते. पारा ४४ अंशांच्या आसपास असताना झळ आत शिरू न देणे हेच मुख्य गृहकृत्य ठरते. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी डागडुजीच्या वेळी मी कंत्राटदाराचा सल्ला निमूटपणे मानला. छताखालचे झरोके विटांनी बुजवले, लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या आणि उरल्यासुरल्या फटी सिलिकॉनने भरल्या गेल्या. विजेचे बिल खरोखरच उतरले. सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला काटकसर कागदावर दिसली की समाधान वाटते.

ते पुढच्या उन्हाळी सुटीपर्यंत टिकले. दम्याचा त्रास असलेला नातू आमच्या वातानुकूलित खोलीत झोपू लागला आणि रोज जड डोक्याने उठू लागला. माझी व सौभाग्यवतींचीही तीच तक्रार होती. आम्ही ती वयाच्या खात्यावर टाकली होती. मुलाने कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणून उशाशी ठेवले. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो. पहाटे पाच वाजता आमच्या खोलीत २,३०० चा आकडा होता.

एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नव्हे. खोलीतली हवा किती शिळी झाली आहे याची ती खूण असते. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच एक हजार भागांची मर्यादा सुचवली होती. भिंतीवरचे स्प्लिट यंत्र आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, बाहेरची आणत नाही, हे मला साठी उलटल्यावर कळले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला लाज वाटावी, कारण हा प्रमाद जुनाच आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पाश्चात्त्य देशांनी इंधन वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद केल्या. अमेरिकेतील वायुवीजनाच्या मानकाने १९८१ मध्ये कार्यालयांसाठी माणशी मिनिटाला अवघी ५ घनफूट ताजी हवा पुरेशी मानली. डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा यांच्या तक्रारी वाढल्या आणि ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. १९८९ मध्ये तो आकडा २० वर न्यावा लागला.

आपल्याकडे ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. ती वीज वाचवण्यासाठीच आहे. तरीही उघडता येण्याजोग्या खिडक्यांचे किमान प्रमाण तिने घालून दिले, ही तिची शहाणी बाजू. आपल्यासारख्या मिश्र हवामानात ते चटईक्षेत्राच्या साडेबारा टक्के आहे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट उघडझाप हवी. सरकती खिडकी मात्र अर्धीच उघडते, आणि हिशेब तिथेच चुकतो. शिवाय ही संहिता आली तेव्हा ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. आमच्यासारखी घरे तिच्या कक्षेत येतच नाहीत. तिथे कंत्राटदार सांगेल तीच संहिता.

माझे वडील नागपूरहून इथे आले ते भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्याच्या सुमारास, १९५९ मध्ये. पुढे हे घर बांधताना त्यांनी झरोके आग्रहाने ठेवले होते. तापलेली हवा वर चढून तिथून बाहेर पडे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली ठेवावी लागे, नाहीतर दमटपणाने जीव घाबरा होई. कूलर चालायचा म्हणजे बाहेरची हवा आत यायचीच. पावसाळ्यात तो निरुपयोगी, हेही खरे.

पण नुसते ‘खिडक्या उघडा’ म्हणून भागत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत भिलाईचे नाव आहे. हिवाळ्यात संध्याकाळी कचरा जाळल्याचा धूर खाली साचतो, आणि दमेकरी मुलाला तो सोसवत नाही. त्यामुळे आम्ही वेळा ठरवल्या आहेत. उन्हाळ्यात रात्री दहानंतर ते सकाळी सातपर्यंत सारे उघडे, दिवसा बंद. हिवाळ्यात उलट, दुपारी उघडे. वातानुकूलन चालू असताना खिडकी चार बोटे सरकवलेली. स्वयंपाकघरातला पंखा चालतो तेव्हा समोरची झडप उघडी, कारण हवा आत येणार नसेल तर पंखा बाहेर काय फेकणार?

यंत्र आता पहाटे नऊशेच्या आसपास दाखवते. बिल थोडे वाढले होते. गच्चीला पांढरा चुना दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा काढला, तेव्हा बरेचसे पुन्हा उतरले. उन्हाळ्यातली उष्णता प्रामुख्याने छतातून आणि उन्हातल्या काचेतून येते. आम्ही मात्र फटी बुजवत बसलो होतो.

झरोके मोकळे करायला गवंडी येत्या सोमवारी येणार आहे. सौभाग्यवतींनी जाळीची अट घातली आहे. कबुतरे त्यांना मुळीच खपत नाहीत.