सहा इंचांसाठी सहा फूट

माढ्याच्या पेठेतला जो रस्ता मला सपाट दिसतो, त्याचे चढउतार काकांच्या खांद्यांना पाठ आहेत. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. निराधार योजनेच्या कागदांसाठी ते हातानं चालवायच्या तीनचाकीवर निघाले आणि मी सोबत चालत राहिलो.

या सायकलीचं पॅडल छातीसमोर असतं. ते फिरवलं की साखळी पुढचं चाक ओढते, आणि त्याच दांड्यानं गाडी वळवायचीही असते. त्यामुळे वळताना जोर लावता येत नाही. काका वळणाआधीच वेग धरतात, मग हात सैल सोडतात. गतिरोधक तिरका घेत नाहीत, गाडी कलंडते. कडेला भाजीच्या पाट्या मांडलेल्या असल्या की मधून जावं लागतं, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत असतो.

कार्यालयाच्या दारात रॅम्प होता. सहा-सात इंचांची पायरी दोन फुटांत उतरवलेली. त्या चढावर अंगाचा भार मागं जातो, पुढचं चाक हलकं होऊन जागीच फिरतं. "मागनं धर जरा," काका म्हणाले. दोघांनी ढकललं, तरी चाक घसरलंच. शेवटी कारकून फाइल घेऊन बाहेर आले. माणूस मनाचा चांगला. पण काकांना आत जाऊन, टेबलासमोर बसून बोलायचं होतं. तो त्यांचा हक्क आहे, असं मला ठामपणे वाटतं.

रॅम्पच्या उताराचा सरकारी मापदंड १:१२ चा आहे: ६ इंच उंचीला ६ फूट लांबी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे; मुदत कधीच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत.

काकांनी घरापुढचा उतार स्वतः शेजारी बसून गवंड्याकडून करून घेतलाय. ९ इंचांचा ओटा, ९ फुटांचा उतार. बोळात जागा नव्हती म्हणून भिंतीलगत काढलेला. सिमेंट ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा ओढायला लावला. त्या खाचांमुळे पावसातही चाक धरून राहतं. गुडघे दुखणारी शेजारची आजी आता त्यावरूनच ओट्यावर येते.